विकास आराखड्यासाठी लोकांकडची माहिती

शहराची विकास योजना, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘डीपी’ किंवा विकास आराखडा म्हटले जाते, ती शहराच्या हद्दीतील प्रत्येक जमिनीवर पुढील काळात काय बांधता येईल आणि काय बांधता येणार नाही हे ठरवणारा कायदेशीर दस्तऐवज असते. महाराष्ट्रात तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा असून निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग पाडणे, रस्त्यांच्या रेषा आखणे आणि शाळा, दवाखाने, उद्याने, मंडया, स्मशानभूमी यांसाठी जमिनी राखून ठेवणे ही तिची मुख्य कामे आहेत. राखून ठेवलेल्या जमिनीला ‘आरक्षण’ म्हणतात. याच कायद्याच्या ३८व्या कलमानुसार मंजूर योजनेची फेरतपासणी वीस वर्षांतून किमान एकदा व्हावी लागते आणि प्रत्यक्षात त्या कामाला अनेकदा त्याहूनही अधिक काळ लागतो, त्यामुळे नकाशावर चुकीने ओढलेली एक रेष एखाद्या वस्तीच्या संपूर्ण पिढीच्या वाट्याला येऊ शकते.

अशा नकाशासाठी लागणारी माहिती महापालिकेकडे नसते असे नाही. नगर भूमापनाचे नकाशे, मिळकत पत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, मालमत्ता कराच्या नोंदी, उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे आणि जनगणनेचे आकडे तिच्या हाताशी असतात. मात्र या साधनांची मर्यादा त्यांच्या स्वरूपातच आहे. उपग्रहाला छप्पर दिसते, पण त्याखाली पाळणाघर चालते की गोदाम, हे दिसत नाही. मिळकत पत्रिका मालक सांगते, वापर सांगत नाही. आणि जनगणनेचे हाती असलेले आकडे २०११ सालचे असल्याने मधल्या काळात शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या वस्त्यांचा त्यांत मागमूस नसतो. ही उणीव भरून काढणारी माहिती रहिवाशांच्या रोजच्या व्यवहारात आणि आठवणीत असते. ती ठरावीक पद्धतीने गोळा करून, तपासून, नकाशावर बसवून नियोजन प्राधिकरणापुढे ठेवली की तिला समुदायाची माहिती म्हणता येते. नुसती गाऱ्हाणी किंवा सह्यांची मोहीम यांपासून ती वेगळी ठरते, कारण तिची पडताळणी दुसऱ्या कोणालाही जागेवर जाऊन करता येते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ साली झाला, त्याच सुमारास मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस ठाण्यासह इलाख्यातील शहरे पायी हिंडून पाहत होते. आराखड्याआधी पाहणी हा त्यांचा आग्रह होता, आणि जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा घरागणिक, बोळागणिक निदान करून जेवढा आवश्यक तेवढाच बदल करावा, असे त्यांचे सांगणे होते. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली व जिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, तिनेही शहराचे आकलन कुटुंबांच्या पातळीवरून उभे केले. परंतु या दोन्ही पाहण्या जाणकारांनी लोकांविषयी केलेल्या होत्या. लोकांनी स्वतःची गणना स्वतः करण्याचे ठळक उदाहरण १९८५ सालचे आहे. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातील निकाल त्या वर्षी आला आणि पाठोपाठ वस्त्या हटवल्या जाण्याची भीती पसरली, तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांच्या सहभागाने सुमारे ६,००० कुटुंबांची गणना केली. पदपथावर राहणारे लोक नुकतेच आलेले, बेकार आणि फिरते असतात, ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकली नाही. पुण्यातील ‘शेल्टर असोसिएट्स’ने १९९० च्या दशकापासून झोपडपट्ट्यांची घरोघरची माहिती संगणकीय नकाशाला जोडण्याचे काम केले आणि सांगली-मिरज-कुपवाडमध्ये ती माहिती घरकुलांच्या नियोजनासाठी वापरात आली.

नकाशा कच्चा असतानाच

अधिनियमातील क्रम समजून घेतल्याशिवाय माहिती गोळा करण्यास निघणे हे श्रम वाया घालवण्यासारखे आहे. प्राधिकरण प्रथम कलम २३ खाली योजना तयार करण्याचा इरादा राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करते. कलम २४ खाली नगररचना अधिकारी नेमला जातो. कलम २५ खाली हद्दीची पाहणी होऊन ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ तयार होतो, म्हणजे आज कोणत्या जागेवर प्रत्यक्ष काय आहे याचा नकाशा. त्यावरून प्रारूप योजना आखली जाते आणि कलम २६ खाली ती प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ नुसार स्थायी समितीचे सदस्य आणि बाहेरील तज्ज्ञ यांची नियोजन समिती हरकतदारांची सुनावणी घेऊन अहवाल देते, पुढे कलम ३० खाली योजना शासनाकडे जाते आणि कलम ३१ खाली शासन तिला पूर्णतः, अंशतः किंवा बदलांसह मंजुरी देते.

या सगळ्या साखळीत नागरिकांचे लक्ष जवळजवळ नेहमीच कलम २६ कडे लागलेले असते, कारण तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे येतात आणि घरांवरून रस्ता जाणार असल्याची कुणकुण लागते. वास्तविक निर्णायक टप्पा त्याच्या आधीचा, विद्यमान जमीन वापर नकाशाचा आहे. या नकाशात जे मैदान ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदले गेले नाही, ते पुढच्या आकडेमोडीत मैदान म्हणून धरलेच जात नाही. जी वस्ती ‘रिकामी जमीन’ म्हणून नोंदली गेली तिच्यावर उद्यानाचे आरक्षण पडणे हे नगररचनाकाराच्या दृष्टीने तर्कशुद्धच असते. मुंबईच्या २०१४-२०३४ या आराखड्याचा अनुभव हेच सांगतो. जमीन वापराचे नकाशे खुले झाल्यावर त्यांतील चुका नागरी संघटना व अभ्यासकांनी दाखवून दिल्या, तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात इतक्या चुका उरल्या की दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी ते नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरीला २०१८ साल उजाडले. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा महापालिकेकडून आपल्याकडे घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत त्यास मंजुरी दिली. हरकतींच्या अशा आकड्याचे कौतुक लोकसहभाग म्हणून केले जाते. तो आकडा पहिल्या पाहणीच्या अपयशाचा पुरावा म्हणून वाचणे अधिक प्रामाणिक ठरेल.

म्हणून ज्या शहरात कलम २३ ची सूचना निघाली आहे किंवा लवकरच निघण्याचा संभव आहे, तेथील रहिवासी संघ, महिला मंडळ, महाविद्यालय किंवा मच्छीमार सोसायटी यांनी आपले काम त्याच वेळी सुरू करावे आणि नगररचना अधिकाऱ्याला लेखी कळवावे की अमुक प्रभागाचा तपासलेला जमीन वापर त्याला सादर केला जाणार आहे. त्या पत्राची पोचपावती जपून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे सुनावणीत ‘ही माहिती आधी का दिली नाही’ हा प्रश्न हमखास विचारला जातो.

काय नोंदवावे, काय सोडावे

लोकांच्या पाहणीचा सर्वांत सामान्य दोष म्हणजे ती सगळेच विचारू पाहते. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन गेलेले स्वयंसेवक पंधराव्या प्रश्नापाशी थकतात आणि उरलेले रकाने अंदाजाने भरतात. आराखड्यात ज्या गोष्टीला जागा किंवा नियम मिळू शकतो तेवढेच विचारावे, ही कसोटी लावली की प्रश्नावली आपोआप आटोपशीर होते. वस्तीत पाणी किती तास येते हा महत्त्वाचा प्रश्न असला तरी त्याचे उत्तर पाणीपुरवठा विभागाकडे आहे. पाण्याची टाकी बांधण्यासाठी उंचावरची कोणती जागा मोकळी आहे हा मात्र आराखड्याचा प्रश्न आहे.

दुसरी कसोटी मालकी आणि वापर यांतील भेदाची आहे. मालकी हक्काचा वाद लोकांच्या पाहणीने सुटत नाही आणि तसा प्रयत्न केल्यास सगळी पाहणीच एका पक्षाची ठरते. वापराची नोंद मात्र रहिवाशांइतकी नेमकेपणाने कोणीच करू शकत नाही, विशेषतः जेथे वापर वेळेनुसार बदलतो. आठवड्यात सहा दिवस रिकामा दिसणारा माळ सातव्या दिवशी आठवडी बाजार असतो. कोळीवाड्यातील जी जागा उपग्रहाच्या चित्रात पडीक दिसते ती पावसाळा संपल्यावर मासळी वाळत घालण्याची आणि जाळी विणण्याची असते. मुंबईच्या आराखड्याच्या वेळी कोळीवाडे, गावठाणे आणि आदिवासी पाडे यांच्या सीमांचा प्रश्न वारंवार उपस्थित झाला तो याच कारणाने. म्हणून प्रत्येक जागेसाठी वापराबरोबरच वार, वेळ आणि हंगाम यांचा रकाना असला पाहिजे, आणि एकाच भेटीत पाहणी संपवण्याऐवजी किमान एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी व एकदा सुट्टीच्या दिवशी ती जागा पाहिली गेली पाहिजे.

रस्त्यावरील विक्रेत्यांच्या बाबतीत तर कायद्याचाच आधार आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशींवरून दर पाच वर्षांनी पथविक्रीची योजना करावी लागते आणि त्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व विक्रेत्यांचे असते. विक्रेत्यांच्या संघटनेने कोणत्या चौकात, कोणत्या वेळी, कोणता माल विकला जातो याचा नकाशा स्वतःहून तयार ठेवला, तर ‘मंडईचे आरक्षण’ वस्तीपासून दोन किलोमीटरवर टाकण्याची चूक टाळता येते. अशा दूरच्या मंडयांचे ओटे बांधून रिकामे पडल्याची उदाहरणे महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत सापडतील. स्त्रियांच्या येण्याजाण्याच्या वाटा, अंधाऱ्या गल्ल्या, शौचालयापर्यंतचे अंतर आणि मुलांना शाळेत सोडताना ओलांडावे लागणारे रस्ते यांची नोंदही पुरुष स्वयंसेवकांनी घरोघर विचारून नीट होत नाही. त्यासाठी वस्तीतील स्त्रियांनी एकत्र बसून, मोठ्या कागदावर छापलेल्या नकाशावर रंगीत रेघा ओढणे अधिक उपयोगी पडते.

आणखी एक काम कमी खर्चाचे आणि बहुधा सर्वाधिक परिणामकारक आहे, ते म्हणजे जुन्या आराखड्यातील आरक्षणांची जागेवर जाऊन झडती घेणे. मंजूर आराखड्याचे नकाशे आणि आरक्षणांची यादी महापालिकेत पाहता येते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अशी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. प्रभागातील प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन, क्षेत्रफळ, भूसंपादन झाले की नाही आणि आज जागेवर काय आहे, एवढ्या पाच रकान्यांचा तक्ता केला की नव्या आराखड्यातील शाळा-उद्यानांच्या हिशेबाचा खरेखोटेपणा लगेच उघड होतो. येथे कलम १२७ लक्षात ठेवावे लागते. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला खरेदीची सूचना देऊ शकतो आणि कायद्यातील मुदतीत संपादनाची पावले न उचलली गेल्यास ते आरक्षण संपुष्टात येते. कोणत्या मैदानाबाबत अशी सूचना दिली गेली आहे याचा पत्ता रहिवाशांना सहसा बांधकामाचा पत्रा लागल्यावरच लागतो.

पुराच्या खुणा

लोकांच्या माहितीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते पूररेषेच्या प्रश्नात. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीशी निगडित ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील पट्टा निषिद्ध आणि दोन रेषांमधला पट्टा नियंत्रित मानला जातो. या रेषा नदीच्या प्रवाहाच्या गणितातून निघतात. गणित मुख्य नदीचे असते. ओढ्यानाल्यांतून मागे फुगणारे पाणी, भराव टाकलेला मळा, नव्या पुलाच्या भरावाने अडलेला प्रवाह यांचा हिशेब त्यात पुरेसा येतोच असे नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार माजवला तो मोठ्या नदीच्या रेषेने सांगितलेला नव्हता.

सांगली आणि कोल्हापूर येथील रहिवाशांना २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची पातळी पायरीसह आठवते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी झाली आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, हे तेथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. घराघरातील ही आठवण आराखड्याच्या कामी आणायची तर ती पुलावरच्या फुटपट्टीशी जोडावी लागते. त्याची पद्धत अवघड नाही. प्रत्येक गल्लीत ज्या भिंतीवर पाण्याची खूण दिसते किंवा रहिवासी खात्रीने दाखवू शकतो, तेथे जोत्यापासून व रस्त्यापासून खुणेची उंची टेपने मोजावी, पूर कोणत्या वर्षीचा व कोणत्या तारखेचा हे लिहावे, टेप लावलेल्या अवस्थेत छायाचित्र घ्यावे, आणि त्याच गल्लीतील दुसऱ्या घरी, पहिल्या घरचे उत्तर न सांगता, पुन्हा विचारावे. दोन उत्तरांत वीतभरापेक्षा अधिक फरक असेल तर तिसरे घर गाठावे.

उंचीच्या बाबतीत मोबाइलवर विसंबणे धोक्याचे आहे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल जागेचे स्थान पाचेक मीटरच्या फरकाने सांगतो, अरुंद बोळात तो फरक वाढतो, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची तर त्याहूनही ढोबळ असते. पुराच्या प्रश्नात मात्र फूटभर उंचीनेही निर्णय बदलतो. म्हणून स्थानासाठी मोबाइल आणि उंचीसाठी लेव्हल यंत्र अशी विभागणी करावी. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडे ऑटो लेव्हल असते आणि विद्यार्थ्यांना मोजणीचे काम हवे असते. ज्या दगडी खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची अधिकृतपणे ठरलेली आहे तिला बेंचमार्क म्हणतात, अशा बेंचमार्कपासून निघून गल्लीतील पूरखुणांपर्यंत उंची वाहून नेली की रहिवाशांची आठवण अभियंत्याच्या भाषेत उतरते. वीसेक विश्वासार्ह खुणा असलेल्या नकाशापुढे ‘येथे पाणी येत नाही’ असे म्हणणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाते. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. जेथे पाणी आले नाही ती घरेही तितक्याच काळजीने मोजावीत, कारण फक्त बुडालेली घरे दाखवणाऱ्या नकाशावरून पाण्याची कड कोठे थांबली हे कळत नाही.

या कामाला एक अडचण आहे आणि ती तांत्रिक नाही. घर पूररेषेत दाखवले गेले की त्याची किंमत घसरेल, पुनर्बांधणी अडेल, या भीतीने अनेक घरमालक खूण दाखवायला नाखूश असतात, काही तर ती रंगवून टाकतात. त्यांना खोटे आश्वासन देण्यात अर्थ नाही. नोंद घरावर न दाखवता गल्लीच्या पातळीवर दाखवली जाईल एवढे मात्र सांगता येते, आणि ते पाळले पाहिजे.

नोंदीची शिस्त

पाहणीचा पाया म्हणून जो नकाशा घ्यायचा तो शक्यतो महापालिकेचाच असावा, म्हणजे पुढे जुळवाजुळव करावी लागत नाही. तो न मिळाल्यास ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून काम भागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशांकनासाठी पूर्वपरवानगीची गरज उरलेली नाही, मात्र संवेदनशील म्हणून वगळलेल्या बाबी दाखवता येत नाहीत. मोबाइलवर नोंदी घेण्यासाठी कोबो टूलबॉक्ससारखे मोफत साधन इंटरनेट नसतानाही चालते आणि नकाशे जुळवण्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. साधनांविषयी याहून अधिक चर्चा करण्याचे कारण नाही, कारण कागदावर नीट केलेली पाहणी मोबाइलवर घाईने केलेल्या पाहणीपेक्षा सरस ठरते.

शिस्त लागते ती दुसऱ्या गोष्टींत. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक, तारीख, नोंद घेणाऱ्याची खूण आणि नगर भूमापन क्रमांक किंवा सर्वेक्षण क्रमांक असावा. ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ ही दोन उत्तरे वेगळी नोंदवावीत. आणि दर दहा नोंदींपैकी एक दुसऱ्या गटाने पुन्हा जागेवर जाऊन तपासावी. वापरांची नावे स्वतः न घडवता महापालिकेच्या नकाशातील वर्गवारीच वापरावी, आणि तिच्यात न बसणारा वापर स्वतंत्र रकान्यात लिहावा. घरातच चालणारा उद्योग हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. धारावीसारख्या वस्तीत खाली चामड्याचे काम आणि वर संसार असतो. ‘निवासी’ म्हणावे तर रोजगार दिसत नाही, ‘औद्योगिक’ म्हणावे तर माणसे दिसत नाहीत, आणि दोन्ही वेळा जे दिसत नाही त्यासाठी आराखड्यात जागा राहत नाही.

माहिती ज्यांची, त्यांना ती परत दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नये. वस्तीच्या चौकात किंवा समाजमंदिरात नकाशा आठवडाभर टांगला आणि शेजारी पेन्सिल ठेवली, तर जे हजार फेऱ्यांत निसटले ते लोक स्वतः दुरुस्त करतात. या टप्प्याला आणखी एक प्रयोजन आहे. पाहणी करणारा गट सहसा वस्तीतील एका थराचा असतो. सदनिकाधारकांच्या पाहणीत फेरीवाले ‘अडथळा’ म्हणून नोंदले जातात, भाडेकरूंना मालक विचारू देत नाहीत, आणि दलित वस्तीची विहीर किंवा मुस्लिम मोहल्ल्यातील दफनभूमी नकाशाच्या कडेबाहेर राहते. जाहीर मांडणीने हा कल पूर्ण जात नाही, पण उघडा पडतो.

उलटपक्षी काही माहिती भिंतीवर येताच कामा नये. झोपडपट्टीत कोण कधीपासून राहतो ही नोंद १ जानेवारी २००० सारख्या पात्रतेच्या तारखांमुळे थेट घर मिळण्या-न मिळण्याशी जोडलेली असते; ती चुकीच्या हाती पडली तर अपात्र ठरणाऱ्यांची यादी लोकांनीच करून दिली असा प्रकार होतो. नावे, आधार क्रमांक, जात, आजार, भाडेकराराची स्थिती यांपैकी आराखड्याला ज्याची गरज नाही ते विचारूच नये, आणि जे विचारावे लागते ते नकाशापासून वेगळ्या कुलूपबंद फाइलीत ठेवावे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला असल्याने मोबाइलवर नोंदी घेणाऱ्या गटाने संमतीचे वाक्य मराठीत व साध्या शब्दांत आधी वाचून दाखवणे हे आता सौजन्यापुरते उरलेले नाही.

हरकतीचे रूप

प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर सूचनेत दिलेली मुदत प्रथम पाहावी, कारण ती थोडी असते आणि हजारो पाने चाळावी लागतात. आधी पाहणी केलेल्या गटाचे काम येथे सोपे होते, कारण आपला नकाशा आणि प्रारूप नकाशा एकमेकांवर ठेवले की फरकाच्या जागा दिसतात. प्रत्येक फरकासाठी स्वतंत्र हरकत लिहावी. तिच्यात नकाशाच्या पानाचा क्रमांक, आरक्षणाचा किंवा रस्त्याचा क्रमांक, नगर भूमापन क्रमांक, जागेवरची आजची स्थिती, तिचा पुरावा आणि नेमकी मागणी एवढे असले की पुरे. मागणी मोघम असू नये. ‘उद्यान द्यावे’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या क्रमांकाच्या जमिनीवर आणि का, हे लिहावे, आणि एखादे आरक्षण हलवण्याची मागणी असेल तर पर्यायी जागाही दाखवावी, अन्यथा शेजारच्या वस्तीची हरकत आपल्याच हरकतीला छेद देते. एकाच मजकुराच्या हजार छापील पत्रांचा राजकीय दबाव म्हणून उपयोग असेल. नियोजन समितीच्या टेबलावर मात्र ती एकच हरकत म्हणून एका ओळीत निकालात निघतात.

सुनावणीला मिळणारी वेळ काही मिनिटांचीच असते. एकाने बोलावे, दुसऱ्याने नकाशा धरावा आणि लेखी टिपणाची प्रत समितीला देऊन पोचपावती घ्यावी. समितीचा अहवाल व त्यानंतर केलेले बदल माहिती अधिकारात मागवून आपल्या हरकतीवर काय अभिप्राय दिला गेला हे तपासावे. शासनाने मंजुरी देताना एखादा सारभूत बदल सुचवला तर तो भाग वगळून उरलेली योजना मंजूर होते आणि वगळलेल्या भागावर नव्याने हरकती मागवल्या जातात. या दुसऱ्या फेरीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होत राहतात, आणि एखाद्या मैदानाचे आरक्षण बदलण्याची सूचना स्थानिक वृत्तपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत येऊन जाते.

त्यामुळे पाहणीची कागदपत्रे मंजुरीनंतर बासनात बांधून ठेवण्याची सोय नाही. त्यांची एक प्रत प्रभाग कार्यालयात, एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक महाविद्यालयाच्या भूगोल किंवा स्थापत्य विभागात ठेवावी, दर पावसाळ्यानंतर पूरखुणा आणि दर वर्षी आरक्षणांचा तक्ता ताजा करावा, आणि नोंदी करणाऱ्यांपैकी निम्मे तरी पंचविशीच्या आतले असावेत, कारण पुढचा आराखडा येईल तेव्हा आजचे चाळिशीतले कार्यकर्ते साठी ओलांडलेले असतील.